गाऊनचं सोडा, आधी खोलीचं दार लावा

प्रश्न : सासू-सासऱ्यांच्या लग्नाला 50 वर्षं झाली म्हणून दिवाळीनंतर आम्ही सगळे दक्षिण गोव्यात एका रिसॉर्टवर गेलो होतो. तीन खोल्या, लहानमोठी मिळून 11 माणसं. पहिल्याच सकाळी सासूबाई गाऊनवर ओढणी घेऊन नाश्त्याला आल्या, सासरे बर्म्युडा आणि बनियनवर. आजूबाजूचे लोक बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊबाई पंजाबी ड्रेस घालून पूलमध्ये उतरल्या, तर लाइफगार्डने शिट्टी मारून बाहेर काढलं. त्यावरून दिरांनी मॅनेजरशी वाद घातला. इडल्या आणि केक डब्यात भरणं झालं. रात्री मुलं कॉरिडॉरमध्ये पकडापकडी खेळत होती, तेव्हा कुणीतरी रिसेप्शनला तक्रार केली. आमचे हे म्हणतात, ‘रात्रीचे 9 हजार मोजतोय, फुकट राहत नाही. तुला उगाच लोकांची पडलेली असते.’ आता एप्रिलमध्ये याच सगळ्यांबरोबर जपानला जायचंय. त्यात एक रात्र हाकोनेला तिथल्या पारंपरिक हॉटेलात आहे. सासूबाईंना गाऊनचं कसं सांगू? मी सून, बोलले तर वाईट मीच. आणि हॉटेलातल्या कुठल्या वस्तू घरी आणलेल्या चालतात, तेही सांगा.
— एक सून, सांगली

उत्तर : ताई, जागेअभावी तुमचं पत्र बरंच कापावं लागलं. मूळ पत्रात गाऊनला जवळजवळ दीड पान आहे आणि कॉरिडॉरमधल्या मुलांना एक वाक्य. मी हा क्रम उलटा लावणार आहे, कारण सासूबाईंच्या गाऊनने त्या हॉटेलात कुणाचंही काही बिघडलं नाही. मुलांच्या पकडापकडीने मात्र शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोप गेली, आणि त्यानेही खोलीचे पैसे भरले होते.

तुम्हाला लाज कशाची वाटली आणि लोकांना त्रास कशाचा झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीचीच चर्चा फार होते.

तर आधी कॉरिडॉर. आपण तीन खोल्या घेतल्या की त्याचा वाडा होतो आणि मधला कॉरिडॉर ही त्याची ओसरी. दारं सताड उघडी, कुणी 204 मधून 207 ला हाक मारतंय, ‘अगं, माझी गोळ्यांची पिशवी तुझ्याकडे आली का?’ यात वाईट हेतू काहीच नाही, उलट एकत्र आल्याचा आनंद आहे. पण हॉटेलच्या भिंती घराच्या भिंतींसारख्या नसतात आणि लांबलचक कॉरिडॉरमध्ये आवाज भलताच घुमतो. आपलं साधं बोलणंही पलीकडे भांडणासारखं ऐकू जातं.

दुसरं, खोलीचं दार आपोआप बंद होतं ते चोरांसाठीच नाही. आग लागली तर धूर कॉरिडॉरमध्ये, म्हणजे पळायच्या वाटेवर, पसरू नये म्हणून ते दार स्वतःहून मिटेल असं बसवलेलं असतं. आपण आतली कडी बाहेर काढून, नाहीतर चप्पल अडकवून ते उघडं ठेवतो तेव्हा ती सोय आपणच मोडतो. घरात मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, तेव्हा एवढं एक कारण तुमच्या यजमानांनाही पटावं.

यावर उपाय सोपा आहे. बुकिंग करतानाच ‘कनेक्टिंग रूम’ मिळतील का, हे विचारा. दोन खोल्यांना आतून जोडणारं दार असतं, मग हवा तेवढा वाडा करा. तसं मिळालं नाही तर तीनपैकी एक खोली अड्डा म्हणून ठरवा, शक्यतो ज्यांना लवकर झोपायचं नाही त्यांची. पत्ते, चिवडा, गप्पा सगळं तिथे, दार लावून. मुलांना पळू द्यायचं ते लॉनवर. पहाटेच्या विमानाला निघणाऱ्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. चार वाजता बॅगांची चाकं खडखडवत, लिफ्टपाशी उभं राहून ‘चार्जर घेतला का? परत बघून या’ हे अख्ख्या मजल्याला ऐकवायची गरज नसते. बघून यायचं ते आधी, आतल्या आत.

जुलै 2019 मध्ये उद्योगपती हर्ष गोएंका यांनी स्वित्झर्लंडमधल्या गश्टाड इथल्या एका हॉटेलातली नोटीस समाजमाध्यमावर टाकली होती, आठवत असेल. फक्त भारतीय पाहुण्यांना उद्देशून लिहिलेली. एका देशाच्या माणसांना वेगळं काढून उपदेश करणं हा उद्धटपणाच होता, त्यावर मला शंका नाही. पण तक्रार कशाची होती, ते बघा : नाश्त्याच्या बुफेतून खाणं बाहेर नेऊ नका, कॉरिडॉरमध्ये आणि बाल्कनीत हळू बोला. राग आला तरी दोन्ही गोष्टी तुमच्या पत्रात आहेत, हे नाकारता येणार नाही.

बुफेचं तसं थोडक्यात सांगता येईल. तिथला दर एका माणसाने एका वेळी बसून खाण्याचा असतो. पोटभर खा, चार वेळा उठा, कुणी मोजत नाही. डब्यात भरलेली इडली मात्र दुपारची असते, तिचे पैसे कुणी दिलेले नसतात. शिवाय उकाड्यात तास न् तास बॅगेत राहिलेली चटणी आणि क्रीमचा केक मुलांना बाधला तर बोल हॉटेललाच लावला जातो, म्हणूनही ते नको म्हणतात. लहान मुलासाठी एखादं केळं उचललं तर कुणी डोळे वटारत नाही. लवकर निघायचं असेल तर आदल्या रात्री रिसेप्शनला सांगा, बरीच हॉटेलं नाश्ता खोक्यात बांधून देतात. डबा काढायची वेळच येत नाही. सासऱ्यांसाठी घरची लसणाची चटणी टेबलावर काढलीत तर मी काही म्हणणार नाही. अख्खा धपाट्यांचा डबा उघडून चौघांनी त्यावर ताव मारायचा असेल तर तो खोलीत.

आता पूल, कारण तिथे जाऊबाईंचा अपमान झाला असं तुम्हा सगळ्यांना वाटतंय. लाइफगार्डने शिट्टीऐवजी जवळ येऊन सांगायला हवं होतं, हे खरं. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. सुती कपड्याचे धागे सुटतात आणि ते फिल्टरमध्ये जाऊन अडकतात. कपड्यातला साबण आणि कच्चा रंग पाण्यात उतरतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिजलेला सुती ड्रेस आणि ओढणी इतकी जड होतात, पायात अशी गुंडाळतात, की पोहता न येणाऱ्या बाईला कमरेएवढ्या पाण्यातही सावरणं कठीण जातं. नियम अंग उघडं टाकायचा नाही, कापडाचा आहे. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंत येणारे नायलॉन-लायक्राचे पोहण्याचे पोशाख आता मोठ्या शहरांतल्या खेळाच्या दुकानांत आणि ऑनलाइन सर्रास मिळतात. जाऊबाईंना तसा एक घेऊन द्या. आणि दिरांना सांगा की चड्डीवर टी-शर्ट घालून उतरणाऱ्या पुरुषांनाही हाच नियम लागतो.

पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यायचा असतो, तो भाग आपण पाटी वाचूनही सोडून देतो. पूलजवळ नाकात जाणारा तो उग्र वास आणि डोळ्यांची चुरचूर नुसत्या क्लोरीनची नसते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो प्रताप. म्हणजे वास जास्त तर पाणी स्वच्छ, ही आपली समजूत उलटी आहे. सुट्टी म्हणून सकाळी डोक्याला तेल चोपडलं असेल तर आधी केस धुवायचे, नाहीतर तो तवंग पूलच्या कडेला चिकटून राहतो. बाहेर आल्यावर अंग पुसून, टॉवेल किंवा कुर्ता अंगावर घेऊन, पायात चपला घालून मगच लॉबीत. ओल्या पायांनी संगमरवरावरून गेलेला माणूस आपल्यामागे घसरगुंडी ठेवून जातो.

पूलचं आणखी एक सांगायचंय, जे तुमच्या पत्रात नाही, पण 11 जणांच्या घरात असणारच : मोबाइल. आपल्या मुलाचा सूर मारतानाचा व्हिडिओ काढताना मागे कोण कुठल्या कपड्यात आहे, हे बघून काढा. अनोळखी बाई पोहण्याच्या पोशाखात असेल आणि तिचं चित्र तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फिरत असेल, तर त्याला माझ्याकडे क्षमा नाही. लॉबीत मोठ्या आवाजात रील बघणं आणि नाश्त्याच्या टेबलावरून मावशीला व्हिडिओ कॉल लावून अख्खा बुफे दाखवणं याला क्षमा आहे, पण कानात इअरफोन घालून.

आता तो गाऊन.

गाऊन हा आपल्याकडे बाईने स्वतःला मिळवून दिलेला मोकळेपणा आहे. नऊवारी गेली, सहावारी सणावारांपुरती उरली, आणि गुडघे दुखणाऱ्या, उकाड्यात ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बायकांना हा डोक्यातून घालायचा ढगळ कपडा सापडला. त्यावर ओढणी टाकली की दूधवाला, भाजीवाला, मुलाची स्कूलबस सगळं होतं. पण त्याबद्दलची कुरकुरही तितकीच जुनी. 2014 साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानेच दिवसा गाऊन घालून बाहेर फिरायला बंदी केली आणि मोडणाऱ्या बाईला 500 रुपये दंड ठेवला. बायकांनीच बायकांवर. त्याच वर्षी चेन्नईत वेगळंच घडलं. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं पांढरं धोतर, नेसली म्हणून क्रिकेट संघटनेच्या क्लबमध्ये प्रवेश नाकारला. तमिळनाडू सरकारने काही आठवड्यांतच कायदा करून अशा जागी वेष्टीला मज्जाव करणं बंद पाडलं. पोशाखाचे सगळेच नियम सभ्यतेसाठी नसतात, काही नुसते ‘आपल्यातला की बाहेरचा’ हे ओळखण्यासाठी असतात. असल्या नियमासाठी सासूबाईंनी खजील व्हावं, असं मला मुळीच वाटत नाही. गोव्याच्या त्या नाश्त्याच्या हॉलमध्ये निम्मे लोक मांड्या दिसणाऱ्या चड्ड्यांवर बसले असणार. त्या सगळ्यांपेक्षा सासूबाईंचं अंग जास्त झाकलेलं होतं.

तरीही एक संकेत जवळपास सगळीकडे पाळला जातो : झोपायचे कपडे खोलीत, ओले कपडे पूलवर, आणि जेवणाच्या जागी अंग व पाय झाकलेले. सासऱ्यांच्या बनियनला माझा आक्षेप गाऊनपेक्षा जास्त आहे, तोही साध्या कारणाने. बुफेवर हात लांब करून वाढून घ्यायचं असतं, आणि उघडी काख पोह्यांच्या भांड्यावर कुणालाच नको असते. त्यांना अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट द्या, बर्म्युडा राहू द्या.

सासूबाईंना गाऊन घालू नका, असं म्हणूच नका. त्या गाऊनवर का आल्या, याचा विचार करा. 70 च्या पुढची बाई, नव्या जागेतलं बाथरूम, खाली ओली फरशी, साडी नेसायला उभं राहायचं तर गुडघे, आणि 10 वाजता नाश्ता बंद. मी त्यांच्या जागी असते तर मीही गाऊनच ओढला असता. तेव्हा गाऊनइतकंच सोपं, पण बाहेर चालेल असं काहीतरी द्यायला हवं : खिशाचा लांब सुती कुर्ता आणि इलॅस्टिकची सैल पँट, किंवा गळ्यापासून घोट्यापर्यंतचा चांगल्या कापडाचा कफ्तान. दोन आणा, एक तुमच्यासाठी. निघण्याच्या आठवडाभर आधी, ‘आई, प्रवासात साडी सांभाळत बसू नका, मी दोघींना सारखंच आणलंय’ एवढंच म्हणा. रेस्टॉरंटच्या दारात कानाशी कुजबुजलेलं वाक्य माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही, म्हणून त्या जागी काही बोलायचं नाही. तिथवर गाऊन पोचलाच तर पोचला, शेजारी बसा आणि डोसा मागवा.

सासऱ्यांचं आणि दिरांचं मात्र तुम्ही सांगायचं नाही. ते काम तुमच्या यजमानांचं. वडिलांना शर्ट घाला म्हणायला आणि भावाला मॅनेजरशी नीट बोल म्हणायला सून कशाला हवी?

यजमानांच्या त्या 9 हजारांचा हिशेबही इथेच करून टाकू. त्या पैशात खोली त्यांची झाली. लॉबी, लिफ्ट, कॉरिडॉर, पूल आणि जेवणाचा हॉल यांचं भाडं त्या रात्री राहणाऱ्या सगळ्यांनी मिळून भरलं आहे. वेटर तर कुणीच विकत घेतलेला नाही. ‘अरे ए, इकडे ये’ अशी हाक आपल्याकडे किती सहज मारली जाते, हे कुठल्याही रविवारी कुठल्याही हॉटेलात ऐकू येतं. तुमच्या घरी तसं होत नसेल तर उत्तम. होत असेल तर ‘दादा’, ‘ताई’ किंवा नुसतं ‘जरा ऐकता का’ याला पैसे पडत नाहीत. खोली आवरायला येणारी बाई तुमच्या पोरांनी सांडलेला चिवडा गुडघ्यावर बसून गोळा करते. टीप ठेवायची तर तिच्यासाठी वेगळी ठेवा, रेस्टॉरंटची टीप तिच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

जपानकडे येते. तिथे तुमच्या गाऊनच्या प्रश्नाची मोठी गंमत होणार आहे. टोकियोतल्या आधुनिक हॉटेलात खोलीत झोपायचे कपडे आणि पातळ स्लिपर ठेवलेल्या असतात, आणि ते घालून लॉबीत किंवा रेस्टॉरंटमध्ये येऊ नये, अशी सूचनाही बऱ्याचदा असते. हाकोनेच्या ‘र्‍योकान’मध्ये, म्हणजे त्या पारंपरिक हॉटेलात, नेमकं उलटं. तिथे खोलीत ‘युकाता’ हा सुती झगा ठेवलेला असतो. तो घालून कॉरिडॉरमध्ये फिरायचं, बागेत जायचं, जेवायलाही जायचं. किनोसाकीसारख्या गरम झऱ्यांच्या गावी तर लोक युकाता आणि लाकडी खडावा घालून भर रस्त्यातून एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. म्हणजे सासूबाईंना हाकोनेत हवं तेच मिळणार आहे. एकच लक्षात ठेवा : उजवा पदर आधी आत, डावा त्यावर. उलटं फक्त मृताला नेसवतात. आत साधे आतले कपडे हवेत आणि पट्टा नीट बांधलेला हवा, नाहीतर बसताना समोरून सुटतो.

चपलांचं त्यांना अप्रूप वाटायचं कारण नाही, आपणही दारात काढतोच. तिथे फक्त पायऱ्या जास्त. बाहेरचे बूट प्रवेशापाशी, आत हॉटेलच्या स्लिपर, चटईची खोली आली की त्याही बाहेर, आणि संडासाच्या स्लिपर वेगळ्या. त्याच घालून परत कॉरिडॉरमध्ये आलं की तिथले लोक सभ्यपणे नजर वळवतात, पण दिसतं सगळ्यांना.

गरम पाण्याच्या सामायिक कुंडात मात्र पोशाखच नसतो. बायका आणि पुरुष वेगळे, पण सगळे विवस्त्र. बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, साबण पूर्ण जाऊ द्यायचा, मगच कुंडात उतरायचं. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा किंवा कडेला. लांब केस वर बांधायचे. तिथे कपडे धुणं, मुलांनी सूर मारणं, मोबाइल नेणं काहीच नाही. सासूबाई आणि जाऊबाई याला तयार होणार नाहीत, हे मी सांगलीला न येता सांगू शकते. बळजबरी नको. पुष्कळ र्‍योकानमध्ये एका कुटुंबापुरतं छोटं कुंड ठरावीक वेळेसाठी स्वतंत्र मिळतं, कुठे फुकट, कुठे जादा पैसे देऊन. बुकिंग करणाऱ्या टूरवाल्याला आत्ताच विचारून ठेवा.

हे विचारायचं आणखी एक कारण. सासूबाईंच्या हातावर गोंदण आहे का? त्या पिढीत बहुधा असतं. जपानमध्ये गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेल्याने अनेक सामायिक कुंडांत गोंदलेल्या माणसाला प्रवेश नसतो, आणि हा नियम परंपरेचं गोंदण आणि टोळीचं गोंदण असा फरक करेलच असं नाही. 2013 मध्ये जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजातल्या एका महिलेला हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे असंच परत पाठवलं होतं. हल्ली काही ठिकाणी छोटी खूण चिकटपट्टीने झाकली तर चालते. दारात गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

रोजची पूजा असेल तर खोलीत उदबत्ती लावू नका, ना जपानला ना गोव्याला. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. ते वाजलं की अख्खा मजला गाऊनवरच खाली येईल.

शेवटी वस्तूंचं. साबण, शाम्पूच्या छोट्या बाटल्या, कंगवा, टूथब्रश, कापडी-कागदी स्लिपर, चहाच्या पिशव्या ही तुमच्यासाठीच ठेवलेली असतात, नेलीत तरी चालतं. भिंतीला बसवलेल्या मोठ्या बाटलीतला शाम्पू आपल्या बाटलीत ओतून घेणं यात बसत नाही. टॉवेल, हँगर, केस वाळवायचं यंत्र, चहाची किटली, उशीची खोळ, यातलं काहीही नाही. बालीच्या हॉटेलात आपल्याच लोकांच्या बॅगा उघडून एकेक वस्तू बाहेर काढतानाचा 2019 चा व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर आला असेल. युकाताही खोलीतच ठेवून यायचा. सासूबाईंना फारच आवडला तर पुष्कळ र्‍योकानच्या दुकानात तो विकत मिळतो, आणि त्याचे पैसे तुमच्या यजमानांनी द्यावेत, असं माझं मत आहे.